आठ नव्हे, आठे

हिलालनाना, तू मला फसवलंस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझं लिहिणं अडखळलं तर कुणी भलता अर्थ काढायला नको. तू मला शब्द दिला होतास. "तू येस तोपावत मी चढाव नही." मी येईपर्यंत चढणार नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मी धुळ्याहून शिरपूरच्या रस्त्याला परत आलो, तेव्हा तू दवाखान्याच्या ओट्यावर चादरीखाली होतास आणि अकरा नंबरचं शिरीषाचं झाड कमरेत मोडून रस्त्यावर आडवं पडलं होतं.

पंचवीस वर्षांत तू मला दिलेला हा एकच शब्द मोडलास. तोही असा, की भांडायलासुद्धा तू उरला नाहीस.

काल तुझं तेरावं झालं. मंडळी जेवून गेली. मी पत्रावळीवरून तसाच उठलो, कुणी आग्रहही केला नाही. आता समोर कचेरीचा कागद आहे. त्यावर माझी सही हवी आहे. कागदात लिहिलंय, "मयत इसमाने स्वतः झाडांची पाहणी करून झाड नंबर अकरा निर्धोक असल्याचे सांगितले होते. सबब मयताचे मरणास त्याचा स्वतःचा अंदाज कारण झाला."

तुझा अंदाज! नाना, तुझ्याबद्दल लोक काय वाटेल ते बोलले असतील. हेकट म्हणाले, देवळात न जाणारा म्हणाले, विडीपायी एक दिवस गंजीला आग लावशील म्हणाले. पण झाडाच्या बाबतीत तू चुकलास असं तापीच्या या काठाला की त्या काठाला, कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेतकरी आंब्याला मोहोर धरेना म्हणून बोलवायचे. तू खोडाभोवती फिरायचास, तारेनं किड्याचं भोक उकरायचास, रॉकेलात बुडवलेला कापूस आत कोंबून वर शेणमाती लिंपायचास. फांदीवर बांडगूळ असेल तर नुसतं उपटायचं नाही, खाली वीतभर अंतर सोडून फांदीच काढायची, आणि तीही आधी खालून खाच घेऊन, म्हणजे साल सोलत जात नाही. घाव गुळगुळीत करून डांबर. एखाद्या माणसाची जखम बांधावी तसं तू झाड बांधायचास. लोक तुला झाडवैद म्हणायचे. तू म्हणायचास, "वैद ते पैसा मांगस. मी विडी मांगस."

मी भेटलो तेव्हा मी कोण होतो? जिनिंगमधून भांडून निघालेला, अंगावर एक सदरा असलेला तापट पोरगा. तू वर चढायचास आणि खाली तोललेली फांदी हळूहळू सोडायला कुणीतरी दोर धरणारा हवा होता. मी दोर धरला. पहिल्याच दिवशी हाताची साल गेली. तू वरून हसलास, "काय रे दोरधऱ्या, झाड सोलानं व्हतं, तू हात सोली लिया!" तेव्हापासून मी दोरधऱ्या. पुढं मी ठेकेदार झालो, धुळ्यात घर केलं, चार लोक मला भाऊ म्हणू लागले. तू मात्र दोरधऱ्याच म्हणत राहिलास. कचेरीच्या पायरीवरसुद्धा. मला राग यायचा. आता तो शब्द कोण म्हणणार, सांग.

तुझी सगळी विद्या एका शब्दात होती. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकत जायचास. टण, टण, टण, आणि मग ढब. तिथं थांबायचास. कान लावायचास, मुंगळे कुठून निघतात ते बघायचास, तळवा ठेवायचास आणि म्हणायचास, "आठे." इथं. बस्स, एवढंच. पुढं काय करायचं ते मालकाला सांगणं माझं काम. साहेबलोकांना, घाटावरच्या अंमलदारांना, मारवाड्यांना तुझी बोली कळायची नाही. मग मी पुढं व्हायचो, "नाना म्हणतो, इथं पोकळ आहे, पावसाळ्याआधी फांदी उतरवली पाहिजे." आणि लगेच सौदा करायचो. मी माझ्या अकलेवर वर आलो असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं म्हणजे मी तुझा एक शब्द उचलून त्यांच्या भाषेत नेऊन विकला. पंचवीस वर्षं.

एकदाच मी तो शब्द उचलायला जागेवर नव्हतो.

ते सांगतो. टाळत होतो, आता सांगतो.

रस्त्याकडेच्या झाडांचा ठेका आपण घेतला. पाहणीच्या दिवशी कचेरीचा कारकून वही घेऊन आला. नवा, घाटावरचा, उन्हानं लाल झालेला. झाडांवर चुन्यानं आकडे घातलेले. तू ठोकत जायचं, मी सांगायचं, त्यानं लिहायचं, असं ठरलेलं. आठव्या झाडापर्यंत मी बरोबर होतो. आठवी चिंच. नाना, काय चिंच होती ती! तू कुऱ्हाडीची पाठ मारलीस आणि देवळातल्या घंटेसारखी वाजली. तू तिला थोपटलंस आणि पुढं निघालास. तेवढ्यात रस्त्यानं तेलघाण्याचा एक व्यापारी चालला होता. लढाईमुळं लाकूड मिळेनासं झालंय, घाण्याला चिंचेचा ओंडका कुठं आहे का, म्हणून त्यानं मला हटकलं. मी थांबलो. तू म्हणालास, "चाल ना भो." मी म्हणालो, "तू हो पुढं, आलोच." मी आलो नाही. मी त्या माणसाशी घासाघीस करत बसलो, विकायला हातात एक काटकी नसताना. हा माझा स्वभाव. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की मला बाकीचं दिसत नाही.

अकराव्या झाडापाशी तू कमरेएवढ्या उंचीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "आठे पोकळ शे. भलतं पोकळ शे."

कारकुनानं विचारलं, "आठ?"

तू म्हणालास, "हां, आठे."

त्यानं वहीत आठचा आकडा काढला आणि पुढं लिहिलं, पोकळ. आकड्याला मात्रा देता येत नाही, नाना. शब्द लिहिला असता तर एक मात्रा तरी राहिली असती. तिनंच तू जगला असतास.

ही गोष्ट एवढीच असती, तर मी आज छाती ठोकून म्हटलं असतं की कचेरीनं तुला फसवलं. तसं मी तेरा दिवस म्हणतोय. चौकात म्हणालो, वहिनीपुढं म्हणालो, मोटारीत अनोळखी माणसापुढं म्हणालो. कारकुनाला शिव्या घातल्या. लोकांनी माना डोलावल्या. पण रोज रात्री पाठ टेकली की ती चिंच वाजते.

कारण हुकूम आला तेव्हा मी तो वाचला होता. मी शाळेत गेलो नाही, पण कागद कसा वाचायचा ते मला कुणी शिकवायला नको. नंबर आठ पोकळ, बुडापासून तोडणे, लाकूड ठेकेदाराचे, पोकळ लाकडाच्या भावाने. मी दोनदा वाचलं. मला कळलं की चूक झालीय. ती कशी झाली ते कळलं नाही, पण झाली एवढं चांगलं कळलं. आणि मी कागद घडी करून खिशात घातला. कागद माझ्या बाजूनं चुकला होता. माझ्या बाजूनं चुकलेला कागद मी आयुष्यात कधी परत केला नाही. त्याच कागदात खाली अकरा नंबरपुढं 'फक्त छाटणी' लिहिलेलं होतं. ते मी पाहिलंही नाही. माझे डोळे आठवर चिकटलेले.

तू चिंचेपाशी कुऱ्हाड खाली ठेवलीस.

"आठ नंबरनं झाड कसाले तोडस रे भो? तिले काय व्हयनं शे?"

"कचेरीचा हुकूम आहे."

"कागद काय झाडपेक्षा मोठा शे का?"

"आपल्या पोटापेक्षा मोठा आहे. चढ."

तू चढला नाहीस. मी दुसरी माणसं लावली. चिंच पडली तेव्हा पार शिरपूरच्या बाजूला कावळे उठले असतील. आतलं लाकूड तांबूस, घट्ट, कुठं सुईएवढंही भोक नाही. तू त्या बुडख्याशेजारी उकिडवा बसलास, त्यावर तळवा ठेवलास. तळवा ठेवून काही बोलला नाहीस असं पहिल्यांदाच झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "तू दोर धरत व्हता, तवय बरा व्हता."

मी काय उत्तर दिलं, आठवतं ना? म्हणालो, दोर धरत होतो तेव्हा उपाशी होतो. म्हणालो, तुला घेऊन फिरलो नसतो तर तू डोंगराच्या पायथ्याला अजून विडीची पानं तोडत बसला असतास. माणसं ऐकत होती. तू उठलास, विडी पेटवलीस आणि पुढच्या झाडाकडं गेलास. त्यानंतर चार दिवस आपण बोललो नाही. एका झाडाखाली बसून वेगवेगळ्या दिशांना तोंड करून भाकरी खाल्ली. तुझ्या फडक्यातला ठेचा तू नेहमीसारखा मध्ये ठेवायचास. मी हात लावला नाही. नाना, मला ठेचा हवा होता. एवढं तरी तुला कळलं असेल, असं मी धरून चाललोय.

पाचव्या दिवशी अकरा नंबर आला. दवाखान्याच्या कौलांवर गेलेली ती शिरीषाची जाड फांदी. तूच आधी बोललास, कारण झाडाचा प्रश्न होता. बुंध्याला हात लावून म्हणालास, "आठे मी चढाव नही. हाई पोकळ शे. मी तवयच सांगेल व्हतं. खालथीन दोर लाईसन बठ्ठंच उतरावनं पडी." खालून दोर लावून सगळं झाडच उतरवावं लागेल.

मी खिशातून कागद काढला. अकरा, फक्त छाटणी. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. म्हणालो, बुडापासून तोडायचा हुकूम आणतो, आत्ता धुळ्याला जातो, तू चढू नकोस. तू हसलास. चार दिवसांनी हसलास. "जाय, दोरधऱ्या. तू येस तोपावत मी चढाव नही. तुना बगर दोर कोन धरी?"

मी कचेरीत दुपारी पोचलो. कारकून म्हणाला, "तुमच्याच माणसानं आठ सांगितलं. मी परत विचारलं, आठ? तर म्हणाला, हां, आठे."

तिथं, त्या टेबलापुढं, मला सगळं कळलं. मी हसलोसुद्धा. म्हटलं, "अहो साहेब, आठे म्हणजे इथं! आमच्याकडं इथंला आठे म्हणतात!"

तो माणूस वाईट नव्हता, नाना. हे लिहायला मला जड जातंय. तो गोरामोरा झाला, वही उघडली आणि म्हणाला, "मग आठ नंबर निरोगी होतं?"

मी वहीतला तो आकडा वाचला.

"तोडलंत ना ते? लाकूड बघितलं असेल. त्याबद्दल काही कळवलं नाहीत."

मी खिशातला हुकूम काढला आणि तसाच परत आत ठेवला.

"असं करा, आठ चुकून तोडलं गेलं, लाकूड निरोगी निघालं, एवढं लिहून द्या. त्यावर साहेबांची सही घेऊन अकराचा हुकूम आत्ता देतो. पाचच्या मोटारीनं जाल."

एवढंच होतं. दोन ओळी. पाचची मोटार. मी पाच वाजता निघालो असतो, दिवेलागणीला तुझ्यापाशी असतो, सकाळी दोर माझ्या हातात असता.

पण चिंचेचा ओंडका तोवर घाण्यावर गेला होता. मी सौदा करायला बसलो. म्हटलं, अकराचा हुकूम द्या, आठचं मागाहून बघू. तो म्हणाला, दोन्ही एकाच नोंदीतलं आहे. मी म्हटलं, चूक तुमची. तो म्हणाला, हो, माझीही, म्हणूनच लिहून द्या. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला येत नाही. म्हणून मी ओरडलो. टेबलावर हात आपटला, शाई सांडली, त्याच्या आईबापापर्यंत गेलो. शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी पायरीवर बसून राहिलो, तो बाहेर येईल, नरमेल, मग कमीत मिटवू, अशा हिशेबानं. पाचची मोटार माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

पुढचं मला दवाखान्याच्या कंपाउंडरनं सांगितलं. पहाटेपासून वारा सुटला. फांदी कडकडली. ओट्यावरची माणसं तू उठवलीस. पण आत एक अडलेली बाई होती, तिला हलवता येत नव्हतं, आणि फांदी बरोबर तिच्या डोक्यावरच्या कौलांवर. तू झाडाकडं बघितलंस, रस्त्याकडं बघितलंस. कंपाउंडर म्हणाला, रस्त्याकडं बराच वेळ बघत होता. मग कमरेला दोर बांधलास आणि फांदीला लावायच्या दुसऱ्या दोराचं टोक त्याच्या हातात दिलंस. जखमा बांधणाऱ्या माणसाला दोर काय माहीत! तू त्याला वरून सांगत गेलास, आता सोड, आता धर. फांदी सहा तुकड्यांत उतरवलीस. एक कौल फुटलं नाही. मग तू उतरायला लागलास, आणि शिरीष मोडला. जिथं तू हात ठेवला होतास तिथंच मोडला. कमरेएवढ्या उंचीवर. आठे.

त्या बाईला मुलगी झाली. तू खाली पडलेला असताना तिचं रडणं ओट्यावर ऐकू येत होतं म्हणे. तू ऐकलंस का, ते कंपाउंडरला सांगता आलं नाही.

वहिनीला मी कारकुनाची चूक सांगितली, माझी नाही. तिनं ऐकून घेतलं. तुझी कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी एकच विचारलं, "भाऊ, कागदवर आते काय लिखेल शे? आठ का आठे?" मी म्हटलं, आठ. ती म्हणाली, "मंग ते खोटं शे. तेनी झाड वळखामा कधी चूक करी नही. तुम्ही सही करशात का?"

मी उठलो आणि बाहेर आलो. सही केली तर ठेका राहतो, आठचं कुणी काढत नाही, आणि तू झाड न ओळखता मेलेला माणूस होतोस, कायमचा, सरकारी दप्तरात. न केली तर मला सांगावं लागेल का नाही केली.

म्हणून आधी तुला सांगितलं. सुरुवातीला लिहिलं की तू मला फसवलंस. ते खोडत नाही, राहू दे, मी कसा माणूस आहे ते त्यातून कळतं. तू एका बाईसाठी मला दिलेला शब्द मोडलास. मी एका ओंडक्यासाठी तुझा शब्द विकला. तुझ्यापुढं हात जोडले तर तू म्हणशील, हात कसाले जोडस, दोर धर. दोर आता कुठं आहे, नाना? कशाला धरू?

सही करणार नाही. हे जाहीर लिहितोय, छापायला देतोय, आणि छापणाऱ्याला विनंती, मात्रा नीट लावा.

आणि कारकूनसाहेब, तुम्ही हे वाचाल. मी तुम्हाला दिलेल्या शिव्या परत घेतो, पण तुम्हाला सोडत नाही. तुम्हाला त्या दुपारी कळलं होतं की त्या माणसानं झाड बरोबर ओळखलं होतं, आणि तरीही हा कागद तुमच्याच अक्षरात आहे. वही घेऊन शिरपूरच्या रस्त्याला या. तुम्ही अकराच्या बुडख्यापाशी उभे राहा, मी आठच्या बुडख्यावर उभा राहतो. गावाला बोलावू, वहिनीला बोलावू, त्या मुलीला घेऊन तिच्या आईला बोलावू. तुम्ही काय ऐकलंत ते मोठ्यानं सांगा. मी काय वाचून खिशात घातलं ते मी मोठ्यानं सांगतो. मग तुमचे साहेब ठरवू देत, हिलालचं मरण कुणाच्या नावावर लिहायचं. त्याच्या नावावर ते राहणार नाही.

कचेरीत नाही, कागदावर नाही. जबाब द्यायचाय तो तुम्ही आणि मी, दोघांनी, आठे.